२७० ग्रॅमच्या रॅकेटला शिसं लावून सात महिने झाले, त्याबद्दल

मी टेनिस खेळतो. दोन वर्षांपूर्वी टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, झाला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं हलकी रॅकेट घे, म्हणून डोकं (जाळीचा भाग) १०० स्क्वेअर इंचाचं आणि वजन बिना स्ट्रिंगचं २७० ग्रॅम, अशा दोन घेतल्या. फिरवायला मस्त, पण समोरून कुणी जोरात मारला आणि बॉल जरा मधून सरकून लागला की रॅकेट हातात गर्रकन फिरायची. डबल्समध्ये नेटवर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. आणि गंमत म्हणजे ती फिरू नये म्हणून मी मूठ इतकी आवळायचो की कोपर परत ठणकायला लागलं.

नवीन रॅकेट घेण्याआधी हीच जड करून बघू म्हटलं. लेड टेप म्हणजे शिशाची चिकटपट्टी, गोल्फवाले वापरतात तीच, ऑनलाइन मागवली. पाव इंच रुंद, चार इंचाचा तुकडा म्हणजे एक ग्रॅम.

पहिल्यांदा जे केलं ते चुकलं हे आधीच सांगतो. हाव सुटली आणि चार ग्रॅम एकदम टोकाला, घड्याळात बारा असतात तिथे लावले. पहिला अर्धा तास स्वर्ग, सर्व्ह नुसती सुटत होती, दुसऱ्या सेटला खांदा बोलायला लागला आणि बॅकहँड प्रत्येक वेळी उशिरा. नंतर डोकं लावलं तेव्हा कळलं की स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना किती जड लागते ते, मोजताना रॅकेटच्या मुठीच्या बुडापासून १० सेंटीमीटरवरचा अक्ष धरतात आणि त्यापासूनच्या अंतराचा वर्ग घेतात, त्यामुळे टोकाला २ ग्रॅम लावले काय आणि डोक्याच्या मधे, तीन आणि नऊ असतात तिथे, दोन्ही बाजूंना मिळून ४ ग्रॅम लावले काय, फिरवताना जवळजवळ सारखंच जड लागतं. मी टोकाला ४ लावून बसलो होतो! आणि टोकावरचं वजन रॅकेटच्या मधल्या रेषेवरच येतं, म्हणजे ती हातात फिरायची थांबावी यासाठी त्याचा उपयोग नाहीच म्हटलं तरी चालेल. माझं दुखणं तर तेच होतं.

मग ते काढून तीन आणि नऊला लावलं, दर बाजूला २ ग्रॅम, फ्रेमच्या आतल्या अंगाला स्ट्रिंगच्या अलीकडे एक तुकडा आणि पलीकडे एक. जुना चॅम्पियन पीट सॅम्प्रस, त्याच्या रॅकेटवर इथेच शिसं असायचं, अर्थात त्याची मूळ रॅकेटच दगडासारखी, आपण त्या वाटेला जायचं नाही. फरक पहिल्याच दिवशी, तोही रिटर्नला. नुसती रॅकेट आडवी धरली तरी बॉल पलीकडे जातोय, आणि कडेजवळ लागलेली व्हॉली नेटमध्ये मरायच्या ऐवजी निदान कोर्टात पडतेय. ताकद वाढली असं नाही म्हणणार, वाया जाणारे बॉल कमी झाले.

पण आता डोक्याकडे किंचित जड वाटायला लागली. मुठीत वजन घालायचं तर टायरवाल्याकडून चाकाला चिकटवतात ते ५ ग्रॅमचे तुकडे आणले आणि ग्रिपखाली एक लावला, मुठीला टेंगूळ आल्यासारखं झालं, दोन दिवसांत काढला. शेवटी साधी ग्रिप काढून लेदर ग्रिप चढवली, माझ्या काट्यावर ९ ग्रॅम वाढले. मूठ त्या अक्षाच्या आसपासच असल्याने स्विंगवेट जवळपास तेवढंच राहतं, बॅलन्स, म्हणजे रॅकेट तोलून राहते तो बिंदू, मात्र मुठीकडे सरकतो. फूटपट्टीच्या कडेवर तोलून बघितलं, सुरुवातीपेक्षा साधारण ५ मिलिमीटर. लेदर कडक असतं, पहिले पंधरा दिवस तळहात सोलवटला, मग सवय झाली.

आता स्ट्रिंग, ओव्हरग्रिप (ग्रिपवर गुंडाळतात ती पातळ पट्टी) सगळं धरून २९३ ची ३०६ ग्रॅम झालीय. कोपर शांत आहे, पण त्याचं सगळं श्रेय शिशाला देणार नाही, त्याच काळात व्यायामही नियमित करत होतो.

वाईट काय, तर तिसरा सेट लांबला की हात जड होतो, आणि नेटवर अंगावर आलेल्या बॉलला अर्धा क्षण उशीर होतो. टेपच्या कडा उन्हात उचलल्या जातात म्हणून वरून इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली, आणि शिसं विषारी असल्याने ते झाकलेलंच बरं, कापून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, घरात लहान मूल असेल तर टंगस्टनची टेप घ्या, महाग पडते पण पडू दे. चिकट डाग खोबरेल तेलाने निघतात. आणि एका वेळी एकाच जागी, एकदोन ग्रॅमच, चार-पाच वेळा खेळून मगच पुढचं, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही.

दुसऱ्या रॅकेटला आळसाने अजून काहीच लावलं नव्हतं. गेल्या रविवारी मॅचमध्ये पहिलीची स्ट्रिंग तुटली, ही दुसरीच काढावी लागली, आणि पहिल्याच व्हॉलीला हातात अशी फिरली की पार्टनर हसायला लागला. घरी येऊन आधी कात्री शोधली.