मोडलेलं पातं आणि व्हायोलिनचा गज: दोन दिवसांच्या कोर्सचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पार्ट तुटून परत आला की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "मटेरियल खराब." दुसरं, "हीट ट्रीटमेंटवाल्याला फोन लाव." म्हणून एका लॅबचा फेल्युअर अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे पार्ट का तुटला ते शोधण्याचा, शनिवार-रविवारचा कोर्स केला. फी साडेचार हजार. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

शनिवारची सकाळ फुकट गेली. व्याख्या, व्याख्या, चहा. जेवणानंतर सरांनी दुसऱ्या महायुद्धातल्या युमो 004 इंजिनाचा विषय काढला आणि पैसे वसूल झाले.

मेसरश्मिट 262 या जेट विमानाचं हे युंकर्सचं इंजिन. 1943 च्या उन्हाळ्यात त्याच्या टर्बाइनची पाती मोडायला लागली. आम्ही सगळे एका सुरात, "मटेरियल!" जर्मनीत उष्णता सोसणाऱ्या पोलादाला लागणाऱ्या निकेलची टंचाई होतीच, पुढे तर निकेल नसलेल्या क्रोमाडूर पोलादाची पोकळ पाती करावी लागली आणि इंजिन जेमतेम 10 ते 25 तास टिकायचं. पण हे दुखणं निराळं होतं. सरांनी फळ्यावर मांडलं: 9000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 150 फेरे. ज्वलनकक्ष सहा, प्रत्येकासमोरून जाताना पात्याला एक धक्का. म्हणजे प्रत्येक पात्याला सेकंदाला 900 धक्के, शिवाय टर्बाइनमागच्या तीन आधारांचा त्रास वेगळा. पात्याचा स्वतःचा सूर, म्हणजे ते सेकंदाला किती वेळा थरथरतं तो आकडा, त्या धक्क्यांशी जुळला की संपलं.

तो सूर शोधायला युंकर्सने चक्क एका वादकाला बोलावलं. तो पात्यांवर व्हायोलिनचा गज फिरवायचा आणि कानाने सूर ओळखायचा. मला ही थाप वाटली. सरांनी बॅगेतून गज काढला, व्हाइसमध्ये 3 मिमी जाडीची पट्टी 100 मिमी बाहेर ठेवून आवळली आणि कडेवर ओढला. पट्टी गायली! मोबाइलवर 240 हर्ट्झच्या आसपास. मग 5 मिमी कापली, आकडा 265 च्या पुढे. युंकर्सने हेच केलं: पातं 1 मिमीने आखूड, टोकाकडे जास्त निमुळतं, आणि वेग 8700 वर उतरवला. सूर वर चढवला, धक्के खाली आणले.

रविवारी नेपिअर सेबर या ब्रिटिश विमान इंजिनाच्या स्लीव्हची, म्हणजे पिस्टनभोवतीच्या नळीची, केस होती. त्या गोल राहत नव्हत्या, शेवटी ब्रिस्टलच्या टॉरस इंजिनाच्या स्लीव्हचा आधार घ्यावा लागला. आम्ही ग्राइंडिंगवाले, मला यात जास्त रस. पण सरांनी वीस मिनिटांत गुंडाळलं. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की तुटलेल्या पृष्ठभागाचे फोटो म्हणजे नुसते काळे डाग. जेवणाबद्दल न बोललेलं बरं.

जाणार असाल तर स्वतःचा तुटलेला पार्ट न्या. मी आमच्या ब्लोअरच्या पात्याचे दोन तुकडे नेले होते आणि कुठे तुटलं ते दाखवायला एकमेकांना जोडून धरले. सरांनी हातातून काढूनच घेतले. "अहो, पुरावा घासताय!" मग भिंगातून मुळाजवळच्या शिंपल्यासारख्या रेषा दाखवल्या, सततच्या धक्क्यांनी तडा हळूहळू सरकल्याची खूण. मटेरियलचा शब्दही काढला नाही. विचारलं, "ब्लोअरच्या तोंडाशी आधार किती?"

या पात्यापायी मी दोन सप्लायर बदलले होते. आधार कधी मोजले नव्हते.

सोमवारी वाकून मोजले. चार. 2880 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 192 धक्के. गज अजून मिळालेला नाही. शेजाऱ्यांची मुलगी व्हायोलिन शिकते, तिच्याकडे मागितलाय. कशाला हवा ते सांगितलेलं नाही.