कॅप्सूल गिळायची की बलूनवाली एन्टेरोस्कोपी?

आमच्या काकांचं हिमोग्लोबिन सारखं खाली यायचं, आत कुठे रक्त जातंय का बघायला वरून दुर्बीण झाली, खालून झाली, दोन्ही नॉर्मल. मग राहिलं मधलं लहान आतडं, चांगलं ५-६ मीटर लांब, तिथे साधी दुर्बीण पोचतच नाही.

कॅप्सूल म्हणजे साधारण २६ मिमीची गोळी, आत कॅमेरा, लाईट, बॅटरी. पाण्यासोबत गिळायची, कमरेला रेकॉर्डर बांधायचा नि ८-१० तास हिंडायचं, भूल नाही, काही नाही. काका तर त्या पट्ट्यासकट गॅलरीत पेपर वाचत बसले होते! हजारो फोटो निघतात, पण नुसतेच फोटो हां, तुकडा काढता येत नाही की रक्तस्राव थांबवता येत नाही. आणि आतडं कुठे अरुंद असेल तर गोळी अडकू शकते, ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय पण नाही.

बलूनवाली एन्टेरोस्कोपी, म्हणजे फुग्यांच्या मदतीने लहान आतड्यात सरकत जाणारी लांब दुर्बीण. त्यातली दोन फुग्यांची, डबल बलून, जपानच्या डॉक्टर यामामोतोंनी आणली. भूल द्यावी लागते, वेळखाऊ, पण बायोप्सी, उपचार तिथल्या तिथे.

माझं मत, रक्त जोरात जात नसेल नि अडथळ्याची शंका नसेल तर आधी कॅप्सूलच, काही दिसलं तर मग बलून.