कार्ल्याच्या कमानींचा बाक

'हेरिटेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या फर्निचरच्या वाटेला मी सहसा जात नाही. प्लायच्या कपाटावर मशीनने कापलेला मोर चिकटवायचा आणि दुप्पट भाव सांगायचा, बहुतेक ठिकाणी एवढंच चालतं. पुण्यात फर्निचर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीकडून मी बाक करून घेतला, तो या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. तिने कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहातून, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातून, नक्षी उचलली नाही, बांधणी उचलली.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. मुलांना कार्ल्याला नेलं की कुणीतरी मान वर करून हमखास विचारायचं, "बाई, दगडाच्या छताला लाकडं कशाला?" प्रश्न अगदी बरोबर. चैत्यगृह अखंड डोंगरात कोरलेलं आहे, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. छत खडकाचंच, त्याला आधार नको. तरीही त्या गोल छताला सागवानी कमानी बसवल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जवळजवळ २००० वर्षं टिकून आहेत. आधी अशी सभागृहं लाकडाची बांधत; दगडात कोरतानाही कारागिरांच्या डोळ्यांसमोर तेच रूप होतं. त्या कमानींवर भार असा काहीच नाही.

या मुलीने त्या कमानींना काम दिलं. बाक चार फुटी, दोघांना बसता येईल असा. पाठीला आडवी फळी नाही. बैठकीच्या मागच्या कडेतून नऊ बारीक कमानी वर येतात आणि खांद्यापाशी किंचित पुढे वळतात. टेकलं की सगळा भार त्यांच्यावर. एका फळीतून अशी वळलेली कमान कापली असती तर वळणापाशी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या गेल्या असत्या आणि तिथेच तुकडा पडला असता. म्हणून प्रत्येक कमान सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून वळवली आहे. कडेने पाहिलं की पट्ट्यांच्या रेघा दिसतात. त्या तिने पॉलिशखाली लपवल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

पाय मात्र कार्ल्याचे नाहीत, जवळच्याच भाजे लेण्याचे आहेत. भाजे आणखी जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले अष्टकोनी खांब वर जाताना आत झुकतात. लाकडी इमारतीत छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलते ठेवायचे. दगडात त्याची गरज नव्हती, तरी ती सवय राहिली. बाकाचे पायही अष्टकोनी आणि तसेच कलते. जमिनीवर फाकलेले असल्यामुळे कुणी धपकन बसलं तरी बाक डुगडुगत नाही.

लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं आहे. खिळ्यांची जुनी भोकं एक-दोन ठिकाणी तशीच आहेत. बैठकीची फळी खालून घट्ट आवळलेली नाही. स्क्रूची भोकं लांबट ठेवली आहेत, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी सरकायला जागा मिळते. हे शिक्षण कॉलेजात मिळालं की टिंबर मार्केटमधल्या मिस्त्रींकडे, असं विचारलं तर म्हणाली, "काकू, मिस्त्रींनी रागावून शिकवलं."

बैठकीखाली तिने स्वतःचं नाव पटाशीने कोरलं आहे. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे; वेणुवासाचा मुलगा, त्याने लेण्याचं दार केलं. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानलेखांच्या ओळीत त्या सुताराचं नाव शाबूत आहे. मुलीने हे मला सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मुलांना तिथे नेलं, पण मी त्यांना हत्ती, मिथुनं म्हणजे जोडप्यांची शिल्पं आणि स्तूप दाखवले. सुताराबद्दल मला माहीतच नव्हतं.

आता तक्रारी. बैठक १५ इंचांवर आहे, साठीनंतरच्या गुडघ्यांना ती बुटकी पडते. माझ्या यजमानांना उठताना हाताचा आधार लागतो आणि बाकाला हात नाहीत. कमानींची वरची टोकं उंच माणसाच्या मानेला टोचत होती. तिने घरी येऊन कानस मारून ती गोल करून दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत. सांगितलेल्या तारखेला बाक मिळाला नाही, कारण मध्ये तिची परीक्षा आली. कमानींच्या सांदीतली धूळ फडक्याने निघत नाही, रंगकामाचा बारीक ब्रश लागतो.

किंमत पोचवण्यासकट २२,००० रुपये. अस्सल सागवान आणि हातचं काम पाहता ही किंमत मला कमीच वाटली आणि तसं मी तिला सांगितलं. तुम्ही करून घेणार असाल तर बैठक १८ इंचांची सांगा, एका बाजूला तरी हात मागा आणि पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावून घ्या. परीक्षेचे महिने सोडून ऑर्डर द्या.