व्हॉसव्ह्यूअर: नियतकालिकाचा इतिहास मोजायला कितपत कामाचं?

नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लेखक, कीवर्ड, संदर्भ यांच्यातल्या संबंधांचे नकाशे देखणे काढतं. पण खरी मेहनत त्याआधीची. नियतकालिकाचं नाव बदललंय का, ते पाहा: 'इकॉनॉमिक वीकली' (१९४९) चं १९६६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' झालं. अशा वेळी दोन्ही नावांनी शोध घ्या.

वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे संशोधन लेखांच्या नोंदींचे साठे. वेब ऑफ सायन्समधून संदर्भांसकट नोंदी एका वेळी ५०० च उतरतात. सगळ्या फायली व्हॉसव्ह्यूअरमध्ये एकदम निवडून चढवता येतात. स्कोपसची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एका चौकटीत ३२,७६७ अक्षरांपुढचं मावत नाही, लांब संदर्भयाद्या तुटतात.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. 'जोशी, ए.' आणि 'जोशी, ए. आर.' एकच व्यक्ती असली तरी नकाशावर दोन ठिपके. उपाय म्हणजे थिसॉरस फाइल: टॅबने वेगळे केलेले दोन रकाने, एकात आहे तो शब्द, दुसऱ्यात हवा तो. कंटाळवाणं काम, पण टाळलंत तर नकाशा नुसती रांगोळी. उलटी अडचणही आहेच, दोन वेगळे 'जोशी, ए.' एक होतात. ते हातानेच निस्तरायचं.

कीवर्ड (लेखाला जोडलेला विषयशब्द) नकाशावर यायला किमान किती वेळा यावा, हा आकडा मुळात ५ असतो. छोट्या नियतकालिकाला ३ करून बघा. जुन्या लेखांना कीवर्ड नसतातच, तिथे शीर्षकांवर भागवावं लागतं.

वर्षवार लेखसंख्येचा आलेख मात्र इथे मिळत नाही. त्यासाठी 'बिब्लिओमेट्रिक्स' (bibliometrix) हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज बरं.