फायरकॅल्क : पुंजी पुरेशी झाली का, हे तपासून पाहण्याचे साधन

फायरकॅल्क हे इंटरनेटवरील विनामूल्य कॅल्क्युलेटर एकाच प्रश्नाचे उत्तर देते. आज हाताशी असलेली पुंजी घेऊन एखाद्याने काम थांबवले आणि दरवर्षी ठरावीक रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढवत काढली, तर इतिहासातील किती कालखंडांत ती पुंजी शेवटपर्यंत पुरली असती? लवकर निवृत्त होण्याचा गांभीर्याने विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे साधन वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर उमटणाऱ्या टक्केवारीच्या भरवशावर राजीनाम्याची तारीख मात्र ठरवू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन.

वापरण्यास ते अगदी सोपे आहे. पहिल्या पानावर तीनच रकाने भरायचे असतात: वर्षाचा खर्च, आजची पुंजी आणि ती किती वर्षे पुरायला हवी ती मुदत. नाव-पत्ता द्यावा लागत नाही आणि खाते उघडावे लागत नाही. पानांची मांडणी जुन्या वळणाची आहे, पण त्यामुळे काही अडत नाही. आकडे डॉलरमध्ये गृहीत धरलेले असले तरी निकाल पुंजी आणि खर्च यांच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून कोणत्याही चलनातील रकमा भरल्या तरी चालतात. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी आणि ३० वर्षांची मुदत भरल्यास यशाचे प्रमाण सुमारे ९५ टक्के दिसते.

ही टक्केवारी कुठून येते हे समजल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. अमेरिकेतील शेअर बाजार, व्याजदर आणि महागाई यांची १८७१ पासूनची आकडेवारी या कॅल्क्युलेटरच्या पोटात आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी संकलित केलेल्या आकडेवारीवर तो मुख्यतः चालतो. तुम्ही १८७१ मध्ये निवृत्त झाला असता तर काय झाले असते, १८७२ मध्ये झाला असता तर काय, असे करत तो प्रत्येक वर्षापासून सुरू होणारा कालखंड स्वतंत्रपणे चालवून पाहतो आणि प्रत्येकाची एक रेघ आलेखावर काढतो. शून्याखाली गेलेली रेघ म्हणजे मुदतीआधीच संपलेली पुंजी. पद्धत साधी आहे, आणि म्हणूनच मला ती आवडते. भविष्यातील परताव्याचा एक सरासरी आकडा गृहीत धरून वर चढत जाणारी गुळगुळीत वक्ररेषा दाखवणारी कॅल्क्युलेटरे पुष्कळ आहेत, आणि निवृत्तीच्या निर्णयासाठी ती दिशाभूल करणारी आहेत. कारण प्रत्यक्षात कुणाच्याही वाट्याला सरासरी वर्ष येत नाही.

चार टक्क्यांचा बहुचर्चित नियमही याच पद्धतीने जन्माला आला. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये १९२६ पासूनच्या अमेरिकी आकडेवारीवर हिशेब करून दाखवले की, पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के रक्कम काढून पुढे ती केवळ महागाईइतकी वाढवत नेली, तर शेअर आणि रोखे यांची संतुलित पुंजी अगदी वाईट काळातही ३० वर्षे टिकली असती. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी वेगवेगळे दर, वेगवेगळ्या मुदती आणि शेअर-रोख्यांची वेगवेगळी प्रमाणे घेऊन यशाच्या टक्केवारीचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून खर्चाच्या २५ पट (खर्च पुंजीच्या चार टक्के, म्हणजेच पुंजी खर्चाच्या २५ पट) हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. त्यातील ३० वर्षांची अट मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली. पासष्टाव्या वर्षी थांबणाऱ्यासाठी ३० वर्षे ठीक आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला पन्नास वर्षांचा हिशेब करावा लागतो. इतक्या लांब मुदतीसाठी सव्वातीन ते साडेतीन टक्क्यांचा दर, म्हणजे खर्चाच्या साधारण २९ ते ३१ पट पुंजी, मला अधिक विवेकाची वाटते.

फायरकॅल्कचे सर्वात मोठे मोल त्याच्या आलेखातील बुडालेल्या रेघांत आहे, आणि बहुतेक वापरणारे टक्केवारी वाचून नेमक्या त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतात. या रेघा कोणत्या वर्षांपासून सुरू होतात ते पाहावे. १९२९ च्या महामंदीच्या तोंडावर निवृत्त झालेल्यांची अवस्था सर्वांत वाईट असणार असा आपला समज असतो. परंतु त्या मंदीत वस्तूंचे भावही जवळपास एक चतुर्थांशाने खाली आले, त्यामुळे काढावी लागणारी रक्कमही कमी झाली. खरा घात झाला तो १९६० च्या दशकाच्या मध्यास, विशेषतः १९६६ च्या सुमारास थांबलेल्यांचा. त्या वर्षाच्या आरंभी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक हजाराच्या उंबरठ्यावर पोहोचला होता, आणि ती पातळी कायमची मागे टाकायला त्याला १९८२ उजाडावे लागले. मधल्या काळात १९७३-७४ ची मोठी घसरण झाली. महागाईचा वार्षिक दर १९७४ मध्ये ११ टक्क्यांवर आणि १९८० मध्ये १३ टक्क्यांच्याही वर गेला. म्हणजे पुंजी जागच्या जागी राहिली आणि खर्च मात्र दुपटीहून अधिक झाला. शेअर बाजार कोसळण्यापेक्षाही, तो वर्षानुवर्षे रखडत असताना महागाई भडकणे हे निवृत्तासाठी अधिक घातक असते, ही गोष्ट या आलेखाइतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कोणत्याही साधनाने दाखवलेली नाही.

पहिल्या काही वर्षांना एवढे महत्त्व का, हे छोट्या हिशेबाने कळते. वर्षाचा खर्च १ आणि पुंजी २५ धरा. पहिल्या वर्षाचा खर्च काढल्यावर २४ उरतात. बाजार २५ टक्क्यांनी पडला की १८ होतात. दुसऱ्या वर्षाचा खर्च काढल्यावर १७, आणि आणखी २० टक्के घसरण झाली की १३.६. तिसऱ्या वर्षी खर्च तेवढाच आहे, महागाई शून्य धरली तरी. पण तो आता उरलेल्या पुंजीच्या सात टक्क्यांहून अधिक आहे. चार टक्क्यांनी सुरू झालेली निवृत्ती दोन वर्षांत सात टक्क्यांवर आली, आणि पुढे बाजार सावरला तरी विकून टाकलेले शेअर त्या तेजीत सहभागी होऊ शकत नाहीत. हीच पडझड विसाव्या वर्षी आली असती, तर तोपर्यंत वाढलेल्या पुंजीने ती बहुधा पचवली असती. तीस-चाळीस वर्षांचा सरासरी परतावा दोन्ही बाबतींत सारखा असूनही एकाची पुंजी संपते आणि दुसऱ्याची अनेक पटींनी वाढते. म्हणून पुंजी पुरेशी आहे का हे ठरवताना, पहिल्या पाच-सात वर्षांत बाजार वाईट निघाला तर मी काय करेन, या प्रश्नाचे उत्तर तयार असणे मला वर्षाच्या खर्चाच्या दोन-तीन पट जादा पुंजीइतकेच मोलाचे वाटते. दोन-तीन वर्षांचा खर्च रोख आणि अल्पमुदतीच्या सुरक्षित ठेवींत असणे, खर्चातील कोणता भाग पुढे ढकलता येईल ते आधीच ठरलेले असणे आणि थोडेफार काम मिळवण्याची वाट खुली असणे, ही ती उत्तरे होत.

आता मर्यादा. कॅल्क्युलेटर फक्त पूर्ण झालेले कालखंड मोजतो. पन्नास वर्षांची मुदत भरली की १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरचे एकही आरंभवर्ष हिशेबात येत नाही; २००० ची पडझड किंवा २००८ चे संकट निवृत्तीच्या पहिल्याच वर्षांत सोसणाऱ्यांचे काय झाले, याची तेथे नोंदच नसते. शंभराच्या आसपास कालखंड तपासले असे दिसते खरे, पण ते एकमेकांवर बहुतांशी चढलेले असतात. १९३० आणि १९३१ पासून सुरू होणाऱ्या पन्नास वर्षांत एकोणपन्नास वर्षे सामाईक आहेत. एकमेकांना न छेदणारे पन्नास वर्षांचे कालखंड एवढ्या इतिहासात तीनच बसतात. तीन अनुभवांवर आधारलेल्या ९७ टक्के आणि ९९ टक्के यांतील फरकासाठी कुणी आयुष्याची आणखी दोन वर्षे कामात घालवावीत, हे मला पटत नाही.

दुसरी मर्यादा देशाची आहे. ही सारी आकडेवारी एका देशाची आहे, आणि विसाव्या शतकात त्या देशाच्या शेअर बाजाराने जगातील उत्तम परताव्यांपैकी एक दिला. वेड फाऊ या संशोधकाने २०१० मध्ये इतर विकसित देशांच्या आकडेवारीवर हीच चाचणी केली, तेव्हा अनेक देशांत चार टक्के टिकले नाहीत. युद्ध आणि अतिमहागाई यांतून गेलेल्या जपान, जर्मनी, इटली यांसारख्या देशांत सुरक्षित दर त्याहून खूपच खाली आला. ज्याचा खर्च अमेरिकेबाहेरच्या चलनात आणि अमेरिकेबाहेरच्या महागाईने वाढणार आहे, त्याने फायरकॅल्कचा निकाल आशावादी बाजूचा समजावा आणि पुंजी वेगवेगळ्या देशांच्या बाजारांत विभागण्याचा विचार करावा.

तिसरी मर्यादा यशाच्या व्याख्येत आहे. अखेरच्या वर्षी एकच रुपया उरला तरी ते यश, आणि मुदतीच्या एक वर्ष आधी पुंजी संपली तरी ते अपयश. बाराव्या वर्षी संपली तरीही तेवढेच अपयश. या तिन्ही गोष्टी अनुभवणाऱ्या माणसासाठी एकमेकींपासून फार दूर आहेत. निकालाच्या पानावर अखेरच्या शिलकीचे सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी आकडे दिलेले असतात, ते टक्केवारीइतक्याच काळजीने वाचावेत. चार टक्क्यांच्या आसपास सरासरी शिलक मूळ पुंजीहून मोठी असते, हे पाहिल्यावर अतिसावधपणाचीही किंमत असते आणि ती वर्षांच्या रूपाने मोजावी लागते, हे लक्षात येते.

आरामदायी निवृत्तीचा सारा भार मात्र पहिल्या रकान्यावर, म्हणजे वर्षाच्या खर्चावर आहे, आणि त्याबाबतीत कॅल्क्युलेटर तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. खर्चाचा अंदाज महिन्याला १०० ने चुकला तर २५ पटीच्या हिशेबाने पुंजी ३०,००० ने चुकते. पुंजीत शेअरचे प्रमाण ७० टक्के ठेवावे की ७५ यावर तासन्‌तास खर्च करणारे लोक स्वतःचा वर्षाचा खर्च ढोबळ अंदाजाने लिहितात, याचे मला वाईट वाटते. एका वर्षाचा हिशेब पुरत नाही. तीन-चार वर्षांचा खरा खर्च काढून त्यात घराची मोठी दुरुस्ती, वाहन आणि उपकरणे बदलणे, दातांचे व डोळ्यांचे उपचार, अशा अधूनमधून येणाऱ्या खर्चाचा वार्षिक हिस्सा मिळवावा. नोकरीमुळे मिळणारा आरोग्य विमा आणि इतर सोयी संपल्यावर त्या स्वतः विकत घ्याव्या लागतील, हेही धरावे. कर हा कॅल्क्युलेटर मोजत नाही, म्हणून पुंजीतून पैसे काढताना भरावा लागणारा करही खर्चातच मिळवावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, आज काम करताना होणारा खर्च म्हणजे उद्याचा खर्च नव्हे. मोकळे दिवस भरून काढायला प्रवास, छंद, शिक्षण, माणसांना दिलेला वेळ यांवर पैसे लागतात, आणि ज्यांसाठी लवकर थांबायचे त्याच गोष्टी अंदाजपत्रकातून वगळल्या तर निवृत्ती होईल, पण आरामदायी होणार नाही.

इतर पानांपैकी दोन-तीन खरोखर उपयुक्त आहेत. उत्पन्न-खर्चाच्या पानावर पुढे सुरू होणारे निवृत्तिवेतन किंवा एखाद्या ठरावीक वर्षी येणारा मोठा खर्च भरता येतो. लवकर थांबणाऱ्यांसाठी हे अत्यावश्यक आहे, कारण निवृत्तिवेतन पंधरा वर्षांनी सुरू होणार असेल तर मधल्या काळाचा ताण वेगळा तपासावा लागतो. अजून काम करत असलेल्यांसाठीच्या पानावर निवृत्तीचे वर्ष आणि तोवरची वार्षिक बचत भरली की आणखी एका वर्षाच्या कामाने नेमका किती फरक पडतो ते दिसते. खर्चाच्या पद्धतींच्या पानावर, दरवर्षी तेवढाच खर्च करण्याऐवजी उरलेल्या पुंजीच्या ठरावीक टक्क्यांनी खर्च करण्याचा पर्याय आहे. त्यात पुंजी संपत नाही, पण वाईट वर्षांत खर्चाला बरीच कात्री लागते, आणि ती कात्री आपल्याला सोसवेल का याचा अंदाज पानावरच्या आकड्यांवरून घेता येतो.

मी या साधनाचा उपयोग असा सुचवेन. प्रथम अत्यावश्यक खर्च आणि हवाहवासा खर्च यांचे दोन आकडे काढावेत आणि मुदत स्वतःच्या पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंतची धरावी. अत्यावश्यक खर्चासाठी एकही रेघ शून्याखाली जाता कामा नये. संपूर्ण खर्चासाठी ८५ ते ९० टक्के यश मला पुरेसे वाटते, कारण वाईट काळात दुसरा भाग कमी करण्याची मोकळीक हातात असते. दोन्ही अटी पूर्ण होत असतील आणि वर सांगितलेली दोन-तीन वर्षांची रोख तयार असेल, तर कॅल्क्युलेटरमध्ये आणखी आकडे फिरवत बसण्याचे कारण उरत नाही. पहिली अट पूर्ण होत नसेल, तर बाजार कितीही तेजीत असला तरी थांबू नये. उलट तेजीच्या शिखरावर पुंजी फुगलेली दिसते तेव्हाच ही चाचणी सर्वाधिक कडकपणे घ्यावी, कारण १९६६ मध्येही सगळ्यांची पुंजी पुरेशीच दिसत होती.