दुर्मीळ रानबांबू: मूळ जागी राखावा की सोलापुरात वाढवावा?
सह्याद्रीतील दुर्मीळ रानबांबूचे बेट जागेवरच राखावे, की त्याचे कंद आणून सोलापूरच्या रोपवाटिकेत वाढवावेत? रोपवाटिकेत पाणी आणि देखरेख हाताशी असते. परंतु एकाच कंदापासून केलेली रोपे जनुकीयदृष्ट्या सारखीच असतात, आणि बांबूच्या अनेक जाती फुलोऱ्यानंतर मरत असल्याने ती सारी एकाच सुमारास वाळण्याचा धोका राहतो. मूळ जागी वणवा व चराई रोखली, तर पडलेल्या बियांतून नवी पिढी उगवते आणि पालापाचोळ्यातील बुरशी, सावलीतल्या वनस्पतीही टिकतात. म्हणून तेथेच जमिनीवर ठरावीक मापाच्या चौकटी आखून त्यांतील झाडांची वर्षानुवर्षे मोजणी करणे मला अधिक मोलाचे वाटते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, म्हणजे माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात, मात्र बांबू लावूच नये, कारण माळढोकाला उघडे गवताळ रान लागते.