आरएमसी (रेडी-मिक्स, म्हणजे तयार काँक्रीटचा) प्लांट: वडाळ्याचा भराव की पवईचा कातळ?

वडाळ्याची जागा सपाट, दक्षिण मुंबईच्या साइटना जवळची. पण भरावाखाली खाडीचा चिखल. खड्डा खणला की काळी, बोटांना चिकटणारी माती निघते आणि बघता बघता पाणी साचतं. १०० टन सिमेंटचा सायलो (साठवणीची उंच टाकी) तिथे साध्या फुटिंगवर, म्हणजे उथळ पायावर, उभा करूच नका, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) हवेतच. पाया जरा खचला तरी प्लांटवर मोजलेली मालाची वजनं चुकतात आणि काँक्रीटचा दर्जा जातो.

पवईकडे कातळ बहुतेक वरच लागतो. ब्रेकर (कातळ फोडायचं यंत्र) लावून सपाटी केली की पाया स्वस्तात होतो.

अडचण रस्त्याची. आयएस ४९२६ (तयार काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत काँक्रीटची गाडी रिकामी व्हायला हवी, आणि पवईतून जाणाऱ्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची कोंडी कोणाला सांगायला नको! काम परळ-भायखळ्याकडचं असेल, तर पाइलचा खर्च सोसून मी वडाळाच घेईन.